पेठेचा पाळणा

आमच्या तालमीकडं शंभरहून जास्त वर्षांपासून दोन वस्तू आहेत: एक सागवानी पाळणा आणि त्याची वही. पेठेत बारसं ठरलं की पाळणा न्यायचा, वहीत ओळ घालायची. परत आणला की कारण लिहून घरातल्या वडीलधाऱ्याची सही. गेली सहा वर्षं त्या पाळण्यात गणपतीच्या लायटिंगच्या माळा झोपतात.

याचं दुःख अख्ख्या पेठेत एकट्या बाळासोंना. तालमीचे अध्यक्ष, वय अडुसष्ट. वहीचा जुना भाग मोडीत. मोडी त्यांना येत नाही, पण ओळी मोजायला लिपी कशाला लागते? १९०९ ते १९२६, चारशे बारा ओळी. गेल्या अठरा वर्षांत एकतीस. पेठ बुडाली, असं ठरवून त्यांनी रविवारी सभा लावली. दुसरं मूल होईल त्या आईला पैठणी.

वही वाचायला स्नेहल. शाहूपुरीत ऑफिसात नोकरी, हौसेनं मोडीचा क्लास केलेली, आणि सात वर्षांच्या इरावतीवर थांबलेली. सासूबाई चिमणाबाईंनी सकाळीच बजावलं होतं, "वाचून झालं की माईकवर सांग, पुढच्या साली पाळणा आमच्याकडं. चारचौघांत बोललीस की माघार न्हाय."

"वाचते," एवढंच स्नेहल म्हणाली होती. चिमणाबाईंनी त्याचा अर्थ सोयीनं लावला.

"आमच्या आज्जीपासनं धर, सूनबाई," बाळासो म्हणाले. आज्जीच्या ओळींवर त्यांच्या वडिलांनीच कधीतरी पेन्सिलीनं खुणा केलेल्या. "अकरा येळा पाळणा नेलाय तिनं. अकरा! आन् तुम्ही? एकीतच दमलासा."

सभा हसली. अकरा भावंडांच्या या घरात लग्नपत्रिकेवर काका-आत्या मिळून दोनच नावं कशी, हे कुणी कधी विचारलं नव्हतं.

"सगळं वाचू, का नुसती नावं?"

"सगळं वाच की. भितो का काय कुणाला?"

स्नेहलनं वाचलं. "ज्येष्ठात नेला. मुलगा. सतराव्या दिवशी परत. बाळ गेलं."

पुढची ओळ. "मार्गशीर्षात नेला. मुलगी. दीड महिन्यानं परत. देवी आल्या, बाळ गेलं."

"फुडचं वाच," बाळासो म्हणाले, जरा हळू.

"साल १९१८. आश्विनात नेला. मुलगा. तापाची साथ. पाचव्या दिवशी परत."

ती थांबली नाही. अकरापैकी आठ वेळा पाळणा असाच आलेला. नवव्या ओळीला मात्र शेरा वेगळा होता: बाळास पाळणा अपुरा पडतो, सबब परत.

"हे तुमचे वडील, काका."

बाळासोंनी टोपी काढून मांडीवर ठेवली. "हे आम्हाला कुणी सांगिटलं न्हाय."

"तुम्ही नेलेला मोजलासा. परत आलेला कुणी मोजायचा?"

कुणी हसलं नाही. चिमणाबाईंनी मात्र खालून हात हलवला. "आता ते सांग की."

स्नेहलनं माईक तोंडाजवळ धरला. "पुढच्या साली पाळणा आमच्याकडं येणार न्हाय. त्याच्या पुढच्या सालीही न्हाय. माझ्या आईपणाची मोजदाद तालमीनं करायची न्हाय. करायचीच असंल तर पुरती करा."

मग तिनं वहीचं शेवटचं पान काढलं. तिथं तिचीच ओळ होती, परतीचा रकाना सहा वर्षं कोरा. तिनं लिहिलं: इरावती. पाय बाहेर येऊ लागले, सबब परत.

आता सही हवी. तिनं वही घेऊन खाली येत सासूसमोर धरली. चिमणाबाईंनी ती ओळ वाचली. मग पेन्सिलीच्या खुणा असलेल्या, बाळासोंच्या आज्जीच्या पानांपर्यंत मागं गेल्या. मोडी येत नसताना बराच वेळ बघत बसल्या.

"पैठणी गेली म्हणायची," त्या पुटपुटल्या आणि सुनेच्या हातातलं पेन ओढलं. "जाऊ दे. नेसून कुठं जायचंय? दे हिकडं. कुठं करायची सही?"