पंगतीनंतरचा सामना

पिंपरीच्या कंपनी चाळीची फुटबॉल टीम म्हणजे एक अजब प्रकरण होतं राव! घरच्या मैदानावर वाघ आणि बाहेर गेली की शेळी, तीसुद्धा भाकड. चाळीमागच्या माळावर आलेली एकूण एक टीम मार खाऊन परत जायची. आणि हेच बहाद्दर थेरगावला, ताथवड्याला, देहूरोडला गेले की स्वतः असा मार खायचे, की परतीच्या टेम्पोत कुणी कुणाकडे बघायचं नाही. शहात्तर-सत्त्याहत्तरचे दिवस ते. गुरुवारी कंपन्यांना सुट्टी, म्हणून गुरुवारी सामना; आणि शुक्रवारी पहिल्या शिफ्टला सगळ्या खात्यात शोभा.

या टीमचा हुकमी गडी ज्योतीराम. कंपनीत लेथवर उभा राहायचा आणि सुट्टीच्या दिवशी गोल ठोकायचा. घरच्या माळावर त्यानं केलेले गोल मोजायचं लोकांनी सोडून दिलं होतं. बाहेर किती केले? शपथेपुरता एकसुद्धा नाही!

कारणं काय कमी शोधली? कप्तान जयसिंग म्हणायचा, आपला माळ रेल्वेलाइनकडे उतरता आहे, पायांना त्याचीच सवय लागली. गोलकीपर दत्तोबा तर माळावरची माती पुडीत बांधून न्यायचा आणि परगावच्या गोलात टाकायचा. ताथवड्याला नेमका त्याच मातीवरून घसरला आणि चेंडू आत गेला.

इतके दिवस हे सगळं हसण्यावारी गेलं. आता मात्र ज्योतीरामच्या गळ्याशी आलं. कुरुळीच्या हिंदुरावांची शालन त्याच्या मनात भरली होती आणि तिच्या मनात तो. दोघांच्या आया राजी होत्या, गाडं अडलं होतं हिंदुरावांपाशी. हा माणूस मिलिटरीतून हवालदार होऊन परत आलेला. कुस्ती-कबड्डीच्या गावात यानं फुटबॉल आणला, पोरांची टीम उभी केली. गुरू हाच आणि पंचही हाच. त्याची टीम पिंपरीत चार गोल खाऊन गेली, चारही ज्योतीरामचे. तरी मिशीला पीळ देत गडी म्हणाला, "आपल्या गल्लीत कुत्रंबी वाघ असतंय. माझ्या पोरीला गल्लीतला वाघ नको. येत्या गुरुवारी कुरुळीत येऊन आमाला हरव, तिथंच सुपारी फोडतो. न्हाईतर खेडचं स्थळ तयार हाय. मोटारसायकल हाय त्याच्याकडं!"

त्या मोटारसायकलनं ज्योतीरामची भूक उडवली. बुधवारी तो तोंड पाडून बसला, तेव्हा त्याची आई गिरजाबाई जवळ आली.

"थेरगावला काय झालं होतं रे?" तिनं विचारलं.

"आमरस," ज्योतीराम म्हणाला. "आणि कुरडया."

"अरे मेल्या, सामन्यात काय झालं?"

"ते आठवत नाही. हरलो असणार."

"आणि ताथवड्याला?"

"बासुंदी," तो म्हणाला. मग ताडकन उठून उभा राहिला. देहूरोडला जिलबी होती! पाहुण्यांना उपाशी कसं खेळवायचं म्हणून प्रत्येक गाव सामन्याआधी पंगत घालायचं, आणि आग्रह तरी किती! नको म्हणावं तर शपथा घालायचे. पोटात एवढा ऐवज घेऊन माणूस पळणार तरी कसा? आणि पिंपरीत? पिंपरीत हीच गिरजाबाई आलेल्या टीमला मासवड्या, रस्सा आणि भाकरी आग्रह करकरून वाढायची. आपल्या पोरांना वाढपी करायची. पाहुण्यांआधी घरच्यांनी ताटाला हात लावायचा नाही, हा तिचा कायदा. पंगत उठेपर्यंत सामन्याची शिट्टी व्हायची आणि घरची पोरं तशीच हलक्या पोटानं मैदानात.

"आई," ज्योतीराम ओरडला, "म्हणजे इतके दिवस तूच जिंकत होतीस!"

"मग?" गिरजाबाई म्हणाली. "तुला काय वाटलं, तू?"

रोग सापडला, पण औषध? होणाऱ्या सासऱ्याच्या दारात जेवायला नाही म्हणणं म्हणजे आपल्या हातानं आपल्या पायावर धोंडा. युक्ती जयसिंगनं काढली. गुरुवार आहे ना? मग सगळ्या टीमचा दत्ताचा उपास!

मोशीचा पूल ओलांडून टेम्पो कुरुळीत शिरला, तर हिंदुरावांच्या अंगणात पाट मांडलेले आणि पुरणपोळ्यांचा वास थेट रस्त्यापर्यंत. दत्तोबाच्या डोळ्यांत पाणी आलं.

"मामी, आम्हा सगळ्यांचा उपास आहे," ज्योतीराम म्हणाला.

शालनची आई यशोदाबाई पुढं आल्या. त्यांनी पदर खोचला. "असं व्हय? आधी सांगायचं की!" आणि काय सांगू, आळीतल्या बाया धावल्या. हां हां म्हणता खिचडीची पातेली आली, भगर आली, दाण्याची आमटी, रताळ्याच्या चकत्या, राजगिऱ्याचे लाडू. ताटं पहिल्यापेक्षा जड झाली.

"एकादशी अन् दुप्पट खाशी!" हिंदुराव मिशीत हसले. त्या हसण्यावरून ज्योतीरामनं ओळखलं, की हवालदाराला सगळं ठाऊक आहे. इकडं दत्तोबानं तोवर दुसऱ्यांदा खिचडी मागितली होती. झालं! ज्योतीरामला खेडची मोटारसायकल फटफटताना ऐकू यायला लागली.

तेवढ्यात स्वयंपाकघराच्या दारातून शालन बाहेर आली. हातात पुरणपोळ्यांची परात. ती तिनं सरळ ज्योतीरामच्या हातात दिली.

"उपास हाय न्हवं तुमचा? मग बसून काय करताय? वाढा की. एवढ्या पोळ्या कुणी खायच्या?" असं म्हणाली आणि भिंतीला टेकून गंमत बघत उभ्या असलेल्या कुरुळीच्या टीमकडं तिनं हळूच बघितलं.

ज्योतीरामच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. "मामी," तो मोठ्यानं म्हणाला, "एवढं अन्न वाया घालवायचं का?"

"छे गं बाई! पाप लागंल. बसा रं पोरांनो!"

"माझ्या पोरांना नको," हिंदुराव घाईनं म्हणाले, "त्यांना खेळायचंय."



"म्हंजी पाहुण्यांना खेळायचं न्हाई व्हय?" यशोदाबाईंनी डोळे वटारले. सरहद्दीवर उभा राहिलेला हवालदार मुकाट्यानं पाटावर बसला. त्याच्यामागं त्याची सगळी फौज बसली.

मग काय विचारता! ज्योतीरामच्या अंगात गिरजाबाईच संचारली. "एक घ्याच! माझ्या गळ्याची शपथ! तूप कुठंय? अहो, तुपाशिवाय पोळी घशाखाली उतरते का?" तो पंगतीतून नुसता नाचत होता. शालन आतून पोळ्या आणत होती आणि हसू दाबता दाबता लाल झाली होती. हिंदुराव दोन्ही हात ताटावर आडवे धरत होते आणि हा पठ्ठ्या बोटांच्या फटीतून गुळवणी ओतत होता. स्वतःच्या तोंडात मात्र त्यानं घाससुद्धा टाकला नाही.

असला सामना त्या मुलखात ना आधी झाला ना पुढे. बाविसातले एकवीस जण सुस्त अजगर! कुणी धावेना, कुणी वाकेना. जयसिंग चेंडूशेजारी उभा राहून ढेकर द्यायचा आणि समोरचा गडी त्याला ढेकरानंच उत्तर द्यायचा. पंच हिंदुराव चिंचेखाली खुर्ची टाकून बसल्या बसल्या शिट्टी फुंकत होते. एकटा ज्योतीराम उपाशी वासरासारखा उधळलेला. पण चेंडू पुढं देणारं कुणी नको? वेळ संपत आली तरी गोल नाही. शेवटी त्यानं आपल्याच गोलापासून चेंडू पायात घेतला आणि उभ्या माणसांमधून वाट काढत पार पलीकडं गेला. हलकेच टोलवला. कुरुळीचा गोलकीपर सोपान वाकला, अर्धाच वाकला. पोळ्यांनी त्याला पुढं जाऊ दिलं नाही. चेंडू त्याच्या पायातून रमतगमत आत गेला.

"गोऽऽल!" जयसिंग बसूनच ओरडला.

हिंदुराव खुर्चीतून सावकाश उठले. "हा इजय मी धरत न्हाई," ते म्हणाले. "पाव्हण्यानं पाटावर बसायचं असतं. ह्यो परात घिऊन उठला, माझ्या माणसांना आग्रह करत फिरला. ह्यो पाव्हणा ऱ्हायलाच कुठं? घरचा झाला. अन् घरी तर ह्यो कायमच जिंकतोय!"

 एवढं करून बाहेरचा गोल नाही तो नाहीच. दत्तोबा हुंदका देणार, एवढ्यात यशोदाबाई पदर सावरत मैदानात आल्या.

"काय म्हणालात? पुन्हा म्हणा. कोन झाला ह्यो?"

"घरचा," हिंदुराव म्हणाले. आणि मग त्यांना आपण काय बोलून बसलो ते कळलं.

"ऐकलं का गं?" यशोदाबाईंनी आळीतल्या बायांना विचारलं. "चार माणसांदेखत बोलल्यात. जा शालन, सुपारी आण."

शालन केव्हाच पळाली होती. हिंदुराव मिशी चावायला लागले, आणि मग असे गडगडून हसले की चिंचेवरचे कावळे उडाले.

सुपारी फुटल्यावर ज्योतीराम एकटाच पाटावर बसला. भुकेनं त्याचा जीव चालला होता. पुरणपोळी घेऊन वाढायला आले ते स्वतः हवालदार. एक झाली, दुसरी झाली, तिसरीला त्यानं ताटावर हात धरला. "बास मामा."

"हात काढ," हिंदुराव म्हणाले आणि बोटांच्या फटीतून त्यांनी गुळवणी ओतलं.