टक्केवारीत भोपळा

सौर पॅनल बसवणं हा जावईबापूंचा धंदा. सासूबाईंच्या गच्चीवर त्यांनी पॅनलांची रांग उभी केली, तेव्हा त्यांची छाती अशी फुगली, की जणू सूर्यही त्यांनीच बसवला असावा. अडचण एकच. कोपऱ्यातल्या पिंपात सासूबाईंचा भोपळ्याचा वेल होता आणि त्याला हातपाय पसरायची खोड होती.

"आई, हा काढू या," ते म्हणाले. "पडलेल्या उन्हाचा पाचवा हिस्सा माझं पॅनल कामी लावतं. वेलाला शंभरातला एकही जेमतेम जमतो. टक्केवारीत भोपळा!"

"असेल. पण पॅनलला तडा गेला तर नवं पान फुटतं का?"

बायको मध्ये पडली नाही. ती दोघांनाही ओळखून होती.

पुढे वीज एकाएकी घटली. जावईबापू तणतणत वर गेले. शेवटच्या पॅनलवर पानांनी पथारी पसरली होती. पानं सारली, तर खाली पॅनल आणि लोखंडी सांगाड्याच्या बेचक्यात तांब्याएवढा भोपळा अडकलेला.

"कापतो."

"कोवळा आहे तो! हात तर लावून बघा."

शेवटी बसवणाऱ्यानेच बोल्ट काढून पॅनल उतरवलं.

मग भोपळा वाढलाय का, हे बघायला ते रोज वर जाऊ लागले. रागानेच जात होते, असं ते सांगत.

एकदा गिऱ्हाईक आलं. "इथलं पॅनल कुठे गेलं?"

झालं! जावईबापूंची गाडी सुटली. "अहो, ऊन, हवा आणि पाणी, एवढ्यावर हा गडी वाढतो! आम्हाला साठवणीला बॅटरी लागते. हा स्वतःच कोठार बांधतो!"

गिऱ्हाईक गोंधळलं. "मग मी पॅनल घेऊ की बी?"

"पॅनलच घ्या," जिन्यातून सासूबाई ओरडल्या. "भोपळ्यावर पंखा फिरत नाही!"

सौदा ठरला तो त्यांच्यामुळेच.

भोपळा पिकला तशा सासूबाई सुरी घेऊन आल्या.

"अजून थोडे दिवस राहू द्या की, आई. देठ नीट वाळला नाही."

"जावईबापू, उतरवा तो."

त्यांनी तो दोन्ही हातांत, तान्ह्या बाळासारखा उचलला. जिन्यात बायको उभी होती.

"आता पॅनल कधी लावणार?"

"लावतो गं! आधी बाजूला हो, धक्का लागेल याला."