डाळिंबी ठिपका

माझे यजमान किशोरराव पतसंस्थांचं ऑडिट करतात. समोरचा माणूस चोर आहे असं धरून चालायचं आणि तो नाही हे त्यानेच सिद्ध करायचं, ही त्यांची कामाची पद्धत. घरीही तीच चालते. दूधवाल्याचं माप, इस्त्रीवाल्याने परत आणलेले शर्ट, माझ्या माहेरच्यांचा चांगुलपणा, सगळं एकदा तपासून मगच आत घेतलं जातं. अशा माणसाला गेल्या वर्षी एका विश्वासू मेकॅनिकची गरज पडली.

गाडी आबांची. आबा म्हणजे माझे सासरे, भिमाजी. गंगापूर रोडला आज जिथे कॉफीची दुकानं आणि दातांचे दवाखाने आहेत, तिथे आमचा झेंडू असायचा. त्या झेंडूच्या पैशातून आबांनी येझदी मोटरसायकल घेतली आणि तिच्या पाठीवर फुलांच्या पाट्या बांधून वर्षानुवर्षं बाजार गाठला. आता जमिनीचा लहानसा तुकडा उरलाय. त्यात अजून झेंडू लावतो, आणि चारही बाजूंच्या इमारतींतले लोक गॅलरीत उभे राहून त्याचे फोटो काढतात.

त्या गाडीची किल्ली आबांच्या कडदोऱ्याला. अंघोळीलासुद्धा ती सुटली नाही. किशोरराव कॉलेजात जायला लागले तेव्हा त्यांनी एकदा धीर करून गाडी मागितली होती. आबा एवढंच म्हणाले, "तुला सायकल हे ना." तो विषय तिथे मिटला तो कायमचा. पुढे मुलगा पतसंस्थांच्या मॅनेजरांना घाम फोडायला लागला, पण बापाच्या गाडीवर काही त्याला बसता आलं नाही.

दसऱ्याला मात्र त्या गाडीचा थाट असे. आबा स्वतः ओवलेला झेंडूचा हार तिला घालायचे, आईंना, म्हणजे माझ्या सासूबाईंना, मागे बसवायचे आणि गावाच्या शिवेपर्यंत जाऊन सीमोल्लंघन करून यायचे. पुढे आई गेल्या, गाडीही बंद पडली आणि गोठ्यात जाऊन बसली. तरी दर दसऱ्याला हार चुकला नाही. उभ्या गाडीला हार घालून आबा पायी शिवेकडे निघायचे.

गेल्या वर्षी डॉक्टरांनी त्यांचं हृदय तपासलं आणि आम्हाला बाजूला घेऊन हळू आवाजात बोलले. आबांनी आवाज नाही तरी मतलब ऐकला. घरी आल्यावर म्हणाले, "औंदा शीव गाडीवर वलांडायची. पुढच्या दसऱ्याचं कोणी पाह्यलंय." किशोररावांनी ते मनावर घेतलं. गाडी दसऱ्याला चालू करायची, आबांना मागे बसवायचं आणि स्वतः चालवायची. हे शेवटचं ते मोठ्याने बोलले नाहीत, पण तीस वर्षं संसार केल्यावर काही गोष्टी बोलाव्या लागत नाहीत.

गाडीचं बाहेरचं सगळं त्यांनी लॉकडाऊनमध्ये मोबाइलवर बघून बघून केलेलंच होतं. रंग लागला होता, मडगार्ड चकाकत होते, सीटला नवं कव्हर होतं. फक्त इंजिन राहिलं होतं. नवरी नटून बसली होती आणि तिला चालता येत नव्हतं.

मेकॅनिक शोधायचा म्हणजे आधी त्याला पकडायची तयारी करायची. किशोररावांनी माझ्या कपाटातली नेलपॉलिशची बाटली नेली. भाचीच्या लग्नासाठी घेतलेला डाळिंबी रंग होता, दुकानदाराकडून चार बाटल्या उघडायला लावून निवडलेला. त्याचा एकेक ठिपका त्यांनी इंजिनाच्या प्रत्येक भागावर दिसेल न दिसेल असा लावला. जुन्या गाड्यांचे मूळ भाग मेकॅनिक काढून घेतात आणि भंगारातले बसवतात, असं त्यांनी कुठेतरी वाचलं होतं. भाग परत आला आणि ठिपका नसला, की चोर सापडला. अर्धी बाटली त्यात गेली, त्याची नोंद कोणत्याच ऑडिटमध्ये नाही.

पहिला मान मिळाला जीवनला. शहरात त्याचं मोठं वर्कशॉप. आत काचेची भिंत, भिंतीअलीकडे सोफा, सोफ्यावर बसून आपली गाडी उघडताना बघायची सोय, वर कॉफी फुकट. हातात मोजे घालून काम करणारी माणसं. किशोरराव हरखून गेले. असा पारदर्शक कारभार त्यांनी आयुष्यात पाहिला नव्हता. आबांनी मात्र कडदोऱ्यावर हात ठेवला आणि किल्ली काही सोडली नाही. शेवटी डुप्लिकेट करून घ्यावी लागली.

काम झालं. किशोररावांनी भिंग घेऊन तपासलं. प्रत्येक भागावर ठिपका होता, एकही कमी नाही. आनंदाच्या भरात त्यांनी मोबाइलवर जीवनला पाचच्या पाच तारे दिले आणि खाली लिहिलं, 'एकही भाग बदलला नाही, मी स्वतः खात्री केली आहे.' मग गाडी चालू केली. ती कॉलनीच्या कोपऱ्यापर्यंत गेली, धुराने अख्खी कॉलनी भरून टाकली आणि बंद पडली. जीवन म्हणाला, वय झालं साहेब तिचं. किशोररावांना हे पटलं. माणूस प्रामाणिक आहे, इंजिन त्याच्या आवाक्यातलं नाही एवढंच, असा त्यांनी निकाल दिला.

तोपर्यंत झेंडू भरात आला होता, म्हणजे दसरा जवळ. आबा म्हणाले, चांदवडला समाधान हे, त्याच्या बापानं ही गाडी एकदा उघडली होती, त्याच्याकडं टाका. दुसरा इलाज नव्हता. गाडी टेम्पोत चढवली आणि मग आबांनी एक गोष्ट केली. कडदोऱ्याची गाठ सोडून किल्ली टेम्पोवाल्याच्या हातात दिली, समाधानला द्यायला. किशोरराव शेजारी उभे होते. त्यांच्याकडे बघून मला वाईट वाटलं.

समाधानमध्ये विश्वास ठेवण्यासारखं एकही लक्षण नव्हतं. हायवेच्या कडेला पत्र्याचं शेड, कांद्याच्या शेतांवरच्या मोटारी आणि फवारणीचे पंप इतस्ततः पडलेले. माणूस बोलका, बढाईखोर. अर्ध्या जिल्ह्याच्या गाड्या आपल्या बापामुळे चालतात असं तो सांगे. तारखेच्या बाबतीत तर सराईत खोटारडा. परवा म्हणजे परवा, असं तो तीन वेळा वेगवेगळ्या आठवड्यांत म्हणाला. त्यात आणखी एक नियम. मालकाने कामाजवळ बसायचं नाही. आपल्याकडे गाडी दुरुस्तीला टाकली की मालक शेजारी खोकं उलटं करून बसतो आणि शेवटचा नट बसेपर्यंत चहालासुद्धा उठत नाही, हा रिवाज आहे. समाधान खोकंच देत नसे. किशोररावांनी त्याच दिवशी त्याला मनात गुन्हेगार ठरवलं.

मग त्याचा फोन आला. कार्बोरेटर या गाडीचा नाही, म्हणाला, भलत्याच कुठल्या गाडीचा बसवलाय. किशोररावांनी शांतपणे विचारलं, "त्याच्यावर लाल ठिपका आहे का?"

"हे ना, हे."

"मग तो आमचाच आहे."

फोन ठेवून ते मला म्हणाले, बघ, आता हा आपल्याला नवा कार्बोरेटर विकणार. मी म्हटलं, विकला तर विकू दे, गाडी चालू होऊ दे. त्यावर मला ऑडिटमधलं काही कळत नाही असं ठरलं.

सातव्या माळेला मला चांदवडच्या रेणुकामातेला जायचं होतं. किशोररावही निघाले, देवीसाठी नाही, धाड घालण्यासाठी. दर्शन घेऊन आम्ही शेडवर पोचलो, तर इंजिनाचे सगळे भाग एका गोणपाटावर मांडलेले, नव्या भांड्यांसारखे लख्ख. किशोरराव वाकले. एक भाग उचलला, उलटा केला, ठेवला. दुसरा उचलला. ठिपका नव्हता. तिसऱ्यावर नव्हता. कशावरच नव्हता.

ते काय काय बोलले ते मी इथे लिहीत नाही. कांदेवाले शेतकरी पंप घेऊन आले होते, ते ऐकत उभे राहिले. सगळंच्या सगळं इंजिन बदललंस, म्हाताऱ्या माणसाचा दसरा खाल्लास, पोलिसात जातो, असा एकूण सूर होता. माझे कान लाल झाले. नवऱ्याची लाज वाटणं हा बायकोचा जुना धंदा आहे, पण त्या दिवशी धंदा जरा जास्तच तेजीत होता.

समाधानने हातातला पाना गोणपाटावर ठेवला. मग म्हणाला, "ठिपके व्हय? मला वाटलं घरात ल्हान पोरं हायेत, त्यायनी रंग खेळला. थिनरनी धुतलं समदं. घाण ठेवून इंजिन बांधायचं आसतं का?"

आणि त्याने कोपऱ्यातल्या डब्यातून तो कार्बोरेटर काढून आमच्यासमोर ठेवला. हा या गाडीचा नाहीच, म्हणून धुतला नाही, म्हणाला. सगळ्या इंजिनात ठिपका होता तो फक्त त्याच्यावर.

मी तो हातात घेतला. उन्हात धरला. मला एका नजरेत कळलं आणि हसू की रडू तेच कळेना.

"अहो," मी म्हटलं, "हा माझा रंग नाही. माझा डाळिंबी. हा राणी आहे."

किशोररावांनी चष्मा काढला, पुसला, घातला. पुरुषांना लाल म्हणजे लाल. पण शेजारी माझ्या अंगठ्याचं डाळिंबी रंगवलेलं नख धरल्यावर त्यांनाही दिसलं. जीवनने सोफ्यावर बसवून, कॉफी पाजून मूळ कार्बोरेटर काढून घेतला होता आणि बदली आलेल्यावर दुसऱ्या बाटलीतला ठिपका लावून दिला होता. चोराने हिशोब चोख ठेवला होता. ज्याने भाग स्वच्छ धुतले त्याच्याकडे काहीच पुरावा नव्हता.

किशोररावांनी माफी मागितली. मागता येत नाही त्यांना, ऑडिटरला सवय नसते, त्यामुळे ती आक्षेप मागे घेतल्यासारखी वाटली. समाधानने ऐकून घेतलं आणि गाडी घेऊन जा म्हणाला. दसरा तीन दिवसांवर आला होता. शेवटी मीच पुढे झाले. भाऊ, म्हटलं, आबांनी कडदोऱ्याची किल्ली सोडून तुमच्याकडे दिली, त्यांनी ती पोटच्या पोराला दिलेली नाही.

समाधानने नखाने बोटावरचं ग्रीस खरवडलं. मग मला म्हणाला, "वहिनी, ती बाटली हे का संगं?"

होती. पर्समध्ये होती, नवऱ्याच्या हाती पुन्हा लागू नये म्हणून. समाधानने किशोररावांचा उजवा हात धरला आणि अंगठ्याच्या नखावर एक ठिपका लावला, मतदानाला लावतात तसा. म्हणाला, "आता दसऱ्यापस्तोर हितं यायचं नाय. फोन नाय. मी गाडी घेऊन येईन, तवा हा ठिपका पाहीन. माणूस मधी बदलला नाय, हे मला पण कळाया पायजे."

शेतकरी हसले. किशोरराव हसले नाहीत, पण हात मागे घेतला नाही.

ते दिवस मी विसरणार नाही. हा माणूस फोन हातात घ्यायचा आणि खाली ठेवायचा. ठिपका पुसायचं औषध माझ्या कपाटात होतं, त्यांना माहीत होतं. ऑफिसात लोकांनी विचारलं असणार. तरी ठिपका तसाच राहिला. आबा रोज झेंडू तोडून निवडत बसायचे आणि मध्येच फाटकाकडे बघायचे.

दसऱ्याला दुपार उलटली तरी समाधान नाही. परवा म्हणजे परवा म्हणणारा माणूस तो. आबांनी हार ओवून ठेवला होता, त्यावर तिसऱ्यांदा पाणी शिंपडलं. मला भरून आलं म्हणून मी आत गेले, आणि आतच मला तो आवाज ऐकू आला. दोन सायलेन्सरचा, एका लयीतला. आबा उठून उभे राहिले, काठी न घेता.

समाधान चांदवडहून ती चालवतच आला होता. मालेगावच्या भंगार बाजारातून त्याने जुना, अस्सल कार्बोरेटर शोधून काढला होता आणि त्याची गोष्ट तो उतरायच्या आधीच सांगायला लागला. मग आठवण होऊन किशोररावांकडे वळला आणि हात पुढे करायला लावला. ठिपका बघून म्हणाला, "त्योच हे." किल्ली त्याने आबांच्या हातात दिली.

हे काय म्हणून आबांनी विचारलं. समाधानने सगळं सांगितलं, काही न गाळता, थोडं वाढवूनसुद्धा. आबा ठसका लागेपर्यंत हसले. हसता हसता थांबले आणि हातातल्या किल्लीकडे, मग मुलाच्या अंगठ्याकडे बघत राहिले. चोपन्न वर्षांचा माझा नवरा परीक्षेच्या निकालाला उभा राहावा तसा उभा होता.

"धर," आबा म्हणाले. "क्लच हळू सोड."

हार घातला, नारळ फोडला आणि दोघं निघाले. गाडी दोनदा बंद पडली, ती किशोररावांमुळे. जुनी शीव आता एका सोसायटीच्या फाटकात येते. वॉचमनने अडवून कोणाकडे जायचंय विचारलं, तर आबा म्हणाले, "पल्याड." त्याने वही पुढे केली. रोज दुसऱ्यांच्या वह्या तपासणाऱ्या माणसाने निमूटपणे आपलं आणि बापाचं नाव लिहिलं, आणि सीमोल्लंघन झालं. परत आल्यावर आबांनी मला आपट्याचं पान दिलं तेव्हा त्यांचे डोळे ओले होते. किल्ली त्यांनी परत मागितली नाही.

जीवनचे पाच तारे अजून तसेच आहेत. ते कसे काढायचे हे किशोररावांना सापडत नाही, आणि लोक ते वाचून त्याच्याकडे जातात.

किल्ली आता किशोररावांच्या बनियनला, आतल्या बाजूने, सेफ्टी पिनने लावलेली असते. परवा सकाळी मी सहज म्हटलं, जरा मीही गाडीवर एक चक्कर मारून बघू का, भाजीपण आणेन. त्यांनी पेपरातून डोकं वर काढलं नाही.

"तुझी स्कूटर आहे ना," म्हणाले.