डाव्या हाताचं धनुष्य

हॉस्पिटलमध्ये नर्सने जयदीपला विचारलं, "राइट हँडेड?" आणि तो हो म्हणाला. मी बायको म्हणून शेजारी उभी होते, मीही मान डोलावली. त्यात खोटं काहीच नव्हतं. तो लिहितो उजव्या हाताने, जेवतो उजव्या हाताने. त्यामुळे पेसमेकर रीतीप्रमाणे कमी वापरातल्या हाताच्या बाजूला, डाव्या खांद्याखाली बसला आणि आम्ही मिल्टनला घरी आलो. दोन-तीन दिवसांनी तो गॅरेजमध्ये टांगलेल्या धनुष्यासमोर जाऊन उभा राहिला, तेव्हा कुठे आम्हा दोघांच्या डोक्यात प्रकाश पडला. धनुष्याची दोरी तो डाव्या हाताने ओढतो.

जयदीप जन्माने डावखुरा. सासूबाईंना ते मंजूर नव्हतं. डाव्या हाताने घास उचलला की बोटांवर चमचा बसायचा, डाव्या हातात पेन्सिल दिसली की फटका. शाळेत जाईपर्यंत त्यांनी मुलगा सरळ करून टाकला, आणि त्याचा त्यांना आजही अभिमान आहे. कॅनडात आल्यावर ऑफिसातला एक मित्र त्याला आर्चरी क्लबवर घेऊन गेला. तिथल्या शिकवणाऱ्या बाईंनी त्याचा कुठला डोळा नेम धरतो ते पाहिलं आणि डाव्या हाताचं धनुष्य त्याच्यापुढे केलं. धनुष्याबद्दल सासूबाईंनी काही सांगून ठेवलेलं नव्हतं. तिथून गडी सुटला. शिकारीचं लायसन्स काढलं, दर ऑक्टोबरला त्या मित्राबरोबर हरणाच्या मागे जायला लागला.

मी शाकाहारी. ते मटण तो गॅरेजमधल्या शेगडीवर शिजवायचा. भांडी वेगळी, चमचे वेगळे. मला शिकार आवडत नाही आणि हे मी त्याला वेळोवेळी ऐकवलेलं आहे. पण धनुष्य ताणून उभा असलेला जयदीप मला आवडायचा. एरवी हा माणूस पाण्याचा ग्लास उचलतानाही क्षणभर थांबतो. तेवढ्यापुरतं ते थांबणं नाहीसं व्हायचं.

डॉक्टरांनी सगळं नीट समजावलं. यंत्रापासून हृदयापर्यंत तार गेलेली असते. डाव्या हाताने जोर लावून पुन्हा पुन्हा ओढलं, तर ती गळ्याच्या हाडाखाली घासून तुटू शकते. जयदीपच्या हृदयाचे स्वतःचे ठोके जवळजवळ बंद पडलेले. तार तुटली तर पुढचा ठोका येईलच असं नाही. छंदापायी पुन्हा चिरफाड करून यंत्र दुसऱ्या बाजूला बसवायला ते तयार नव्हते. म्हणाले, डाव्या हाताने धनुष्य नुसतं धरा, ओढायचं काम उजव्याला शिकवा.

मग उजव्या हाताचं नवीन धनुष्य आलं. वर्षभर बेसमेंटमध्ये सराव चालला. उजवा हात ओढायचा आणि डावा डोळा मधेच कारभार करायचा. एक बाण भिंतीत घुसला, तो काढताना प्लास्टर आलं. आमची अक्षरा खाली डोकावून म्हणाली, "बाबा, जस्ट सेल द ओल्ड वन." त्याने विकलं नाही. रोज बाण वेचून आणायचा आणि पुन्हा उभा राहायचा. सुधारला, नाही असं नाही, पण शिकारीत नुसतं बऱ्यापैकी जमून चालत नाही. खात्री नसेल तर बाण सोडायचा नाही, जखमी जनावर झाडीत तडफडत राहतं, हे तोच नव्या लोकांना बजावून सांगायचा.

पुढच्या ऑक्टोबरला तो निघाला. एकट्याने जायला डॉक्टरांची मनाई होती आणि मित्र नोकरीसाठी कॅलगरीला गेलेला. म्हणून मी गेले. डिकीत धनुष्याच्या दोन पेट्या दिसल्या.

"दोन कशाला?"

"असू दे सोबतीला," तो म्हणाला.

गावाबाहेर एका ओळखीच्या शेतकऱ्याच्या मक्याच्या कडेला त्याने छोटा कापडी तंबू लावला होता. समोर खिडकी, आत दोन स्टुलं. माझ्या मांडीवर पोळी-भाजीचा स्टीलचा डबा. दुपारभर काहीच आलं नाही. उन्हं उतरायला लागली तेव्हा झाडीतून एक नर बाहेर आला आणि आमच्यासमोर आडवा उभा राहून शांतपणे चरायला लागला.

जयदीपने नवीन धनुष्य उचललं, उजव्या हाताने ओढलं. बाणाचं टोक हलत होतं. त्याने थांबून पाहिलं, मग दोरी हळूच परत सैल सोडली. हरणाला पत्ता नव्हता. जयदीपने ते धनुष्य खाली ठेवलं आणि माझ्याकडे न बघता जुनं उचलून बाण लावला.

मला भीती वाटली. डावा हात दोरीवर गेला आणि त्याचे खांदे सरळ झाले. थांबणं, चाचपडणं सगळं गेलं. फार दिवसांनी तो मला माझा जयदीप दिसला. मी डब्याचं झाकण काढलं आणि डब्यावर दाणकन आपटलं.

पांढरी शेपटी उभारून हरीण झाडीत गेलं.

त्याने दोरी ओढलेली नव्हती. त्याने बाण दोरीवरून काढून ठेवला.

"डाव्याने लागला असता," तो म्हणाला.

"माहीत आहे."

"एकदाच ओढणार होतो."

"लागला असता, म्हणून परत ओढलं असतंस," मी म्हटलं.

जुनं धनुष्य पेटीत ठेवून त्याने ती बंद केली. मला वाईट वाटत होतं, पण झाकण वाजवल्याचं नाही. त्याचा डावा हात मांडीवर नुसता पडला होता. ताटातून, वहीतून हाकललेल्या त्या हाताला एवढी एकच जागा होती, ती आज मी काढून घेतली.

मी पोळीत भाजी गुंडाळली. त्याने नेहमीसारखा उजवा हात पुढे केला. मी गुंडाळी त्याच्या डाव्या हातात ठेवली.

त्याने माझ्याकडे पाहिलं, मग हाताकडे. मग खायला लागला. त्या हाताला सवय नव्हती, थोडी भाजी जॅकेटवर सांडली. दुसरी पोळी त्याने तोच हात पुढे करून मागितली.