साखरंतलं पानी

आन घेऊन, गळ्याला हात लावून सांगते, ह्यातला शबुद न शबुद खरा हाय.

बहात्तरच्या दुष्काळात धर्मापुरीच्या अंगाला एका गावात फकस्त छबुबाईच्या घरी साखरंचं भरल्यालं पोतं व्हतं. सहकारी कारखान्याच्या शेअरवर मिळाल्यालं. धाकट्या लेकीचं, तुळजाचं लगीन पंधरा दिसांवर आलतं, त्याच्या बुंदीसाठी राखल्यालं.

एक दिवस सोसायटीचे चेरमन विठ्ठलरावांनी कारखान्याच्या लॅबमधल्या जमीलला निंबाखालच्या वट्ट्यावर बसवलं. "दुकानातली साखर चोख हाय का बग."

जमीलनं पेल्यात साखर घेतली, वरून तेजाब, म्हंजे अ‍ॅसिड, वतलं. साखर पिवळी झाली, काळी झाली, आन फुगत फुगत निंबाच्या फांदीला जाऊन टेकली. भकाभका वाफ सुटली.

"चोख हाय," जमील म्हनला. "साखरंत पानी दडल्यालं असतंय. तेजाब ते वढून घेतंय, मागं कोळसा."

"पानी? पोत्यात किती?"

"निम्म्याहून जास्त, साहेब. पर—"

"गप बे! टँकरची वाट कशापायी बघायची मग? छबूवयनीचं पोतं आना रे!"

दोघांनी पोतं वट्ट्यावर आनून टाकलं. छबुबाई मागोमाग आली. न्हाई म्हनावं तर गाव तहानल्यालं, हो म्हनावं तर मांडवात बुंदी न्हाई. तिनं जमीलला बाजूला घेतलं. "बाबा, ते पानी जातंय कुटं?"

"तेजाबातच मुरतंय, मावशी. कोन पेनार ते?"

छबुबाई माघारी आली. "घ्या की भावजी, खुशाल घ्या. पर आदी वाटीभरच करा. निघंल ते पानी पयलं तुमी प्या. मान चेरमनचा."

जमीलनं पेल्यात वाटीभर साखर घेऊन तेजाब वतलं, वाफंवर ताटली धरली. चमचाभर पानी गोळा झालं. काडी वडल्यावानी वास.

"प्या की," छबुबाई म्हनली.

"वास कसला येतोय, वयनी?"

"बाकीचं पानी ह्यात हाय म्हनं," म्हनत तिनं चेरमनच्या उपरन्याचं टोक पेल्यातल्या काळ्या राड्यात बुडवलं. बघता बघता रुपायाएवढं भोक पडलं. गाव खोखो हसलं.

"चुकलं माजं, वयनी, माफ करा," म्हनत विठ्ठलरावांनी पोतं तिच्या घरी धाडलं. लगीन झालं, बुंदी पुरून उरली.

आता आन घेतलीय, म्हनून सांगते. एक तेवढं पदरचं घातलंय. चेरमननं माफीबिफी काय मागितली न्हाई. नवं उपरनं घालून लग्नाला आले आन दोनदा बुंदी मागून खाल्ली.