काकूंचा तिसरा चेंडू

बब्रुवान पलटणीतून घरी आला तो दुखरा गुडघा आणि एक वेड घेऊन. पुण्याला फौजेच्या तलावावर तो मोटारबोट चालवायचा. मागं जवान दोरी धरून, पायाला फळ्या बांधून पाण्यावरून घसरत यायचे आणि सहा तरंगत्या चेंडूंना नागमोडी वळसे घालायचे. गावात हे सांगितलं की माणसं तंबाखू मळता मळता एकमेकांकडं बघायची. त्यांचं तरी काय चुकलं म्हणा! पण बोटीचा आवाज बब्रुवानच्या कानातून जात नव्हता. तो एकदा तरी आपल्या तळ्यावर घुमावा, या आशेनं तो झुरत होता.

तळं होतंच. बहात्तरच्या दुष्काळात याच गावानं खडी फोडून, पाट्या उचलून बांध घातला. पुढं पाणी भरलं आणि आपल्याच हातच्या बांधामागं गाव बुडालं. बेंबळीच्या वाटेवर माळावर नवं गाव वसलं. तिथं पत्र्याची घरं होती, पण कुणी कुणाला 'आमच्या घरी या' म्हणालं तर हात अजून तळ्याकडंच जायचा.

चौऱ्याऐंशी साली पलटणीतल्या मेजरसाहेबांचं पत्र आलं. चेंडू मापात बसवलेस तर हिवाळ्यात पोरं सरावाला पाठवतो, हातभर माप चुकलं तर बोट येणार नाही. मच्छीमार सोसायटीचे चेअरमन दगडोबा यांची अट वेगळीच. दिवस मावळायच्या आत चेंडू पाण्याखाली गेलेच पाहिजेत, कुणाचं जाळं अडकलं तर दोर कापणार.

बब्रुवाननं दोन्ही मान्य केलं. तळाशी सिमेंटचे ठोकळे, त्यांच्यात अडीचशे मीटर तार, तारेला आडव्या नळ्या, नळ्यांच्या टोकाला चेंडू. काठावर त्यानं जुन्या विहिरीचं चाक बसवलं. चाकावरून दोर ओढला की सगळं ताणून वर यायचं, सैल सोडला की तारेला बांधलेल्या दगडांच्या वजनानं तळाशी जायचं.

माप घेत होता तेव्हा केशरकाकू काठावर आल्या. नवरा गाव उठलं त्याच वर्षी गेलेला, लेक लांब नांदत होती. तिसऱ्या चेंडूकडं बोट करून त्या म्हणाल्या, तेवढा एक माझ्या अंगणावर सोड. अंगणातलं उखळ खडकात कोरलेलं होतं, ते काही बैलगाडीत घालून आणता आलं नव्हतं. चेंडू रोज तिथं जाऊन यावा, एवढंच त्यांचं म्हणणं.

अंगण चेंडूंच्या रेषेपासून चांगलं चाळीस पावलं लांब पडत होतं. बब्रुवान "बरं" म्हणाला आणि चेंडू मापातच सोडला. म्हातारीला पाण्यातलं काय कळतंय, असं त्याला वाटलं.

दोन हिवाळे बोट आली. बब्रुवाननं ती चालवली, तळं दुमदुमलं, पोरींनी बांधावरून टाळ्या वाजवल्या. बोट असो नसो, संध्याकाळी तो दोर सोडायचा तेव्हा काकू काठावर बसलेल्या असायच्या. मग तो मोठ्यानं सांगायचा, "काकू, चेंडू घरी पोचला." त्या पदर सावरून उठायच्या आणि माळावरच्या घराकडं निघायच्या. खोटं बोलल्याचं आधी बोचायचं, पुढं सवय झाली.

मग पावसानं पाठ फिरवली. तळं आटत आटत डबक्यावर आलं. मेजरसाहेबांनी कळवलं, पाणी नाही तर बोट कशाला? बब्रुवान आठ दिवस तळ्याकडं फिरकला नाही. नवव्या दिवशी दगडोबांनी सहज सांगितलं, गाव उघडं पडलंय, उद्या सगळे आपापली घरं बघायला जाणार. तिसरा चेंडू कुठं पडलाय ते आता काकूंना दिसणार होतं.

तांबडं फुटताना तो लंगडत गाळात उतरला. तिसरा चेंडू मारुतीच्या देवळामागं, कुणाच्याच नसलेल्या जागेत पडला होता. नळीपासून सोडवून त्यानं तो काखेत मारला आणि काकूंच्या अंगणाकडं निघाला.

काकू तिथं आधीच बसल्या होत्या. उखळातला गाळ हातानं उपसत होत्या. बब्रुवान चेंडू घेऊन जागीच थिजला. लपवायला आडोसा म्हणून एकही भिंत उरली नव्हती.

"काकू, मी तुमाला खोटं सांगत आलो," तो कसाबसा म्हणाला.

"ठावं हाय. देवळापासनं माझं अंगण किती पावलं, मला कळत न्हाय व्हय? उन्हाळ्यात शिखर उघडं पडतंय की रं, चेंडू त्येच्याच मागं दिसतूय."

"मग बोलला का न्हाईत?"

काकूंनी हात पदराला पुसले. "तुला तुझी बोट पायजे हुती. आन् मला रोज घरी पोचल्याचं सांगणारं कुणी तरी. धनी गेल्यापासनं दुसरं कोण सांगतंय?"

बब्रुवान उखळाजवळ येऊन टेकला. काकूंनी त्याच्या काखेतला चेंडू काढून घेतला, उखळावर ठेवला. तो तिथं नीट बसला.

"आता म्हण," त्या म्हणाल्या. "रोज म्हणतूस तसं."

 मग तो म्हणाला, "काकू, चेंडू घरी पोचला."

पण या खेपेला काकू पदर सावरून उठल्या नाहीत.