सालीवरचा कोळी

आकारामआबांनी सदऱ्याच्या टोकानं मोबाईल पुसला आणि पुन्हा डोळ्यांजवळ धरला. झाडाची साल तेवढी दिसत होती. कोळ्याचा पत्ताच नव्हता. त्यांचा मुलगा जयराज शांतिसेनेबरोबर दक्षिण सुदानला गेलेला. गेले पंधरा दिवस फोन कमी आणि फोटोच जास्त. खाली एकच ओळ : ‘आबा, कोळी शोधा.’

“अंकिता, तुला घावतोय का?”

“न्हाई, आबा,” सून म्हणाली. “ह्यो जाळं विणत न्हाई म्हनं. खेकड्यावानी पाय पसरून सालीला चिकटतोय. रंगबी सालीचाच.”

आबा चक्रावले. झुरळ दिसलं की माळ्यावर चढणारं हे पोर, परमुलखात जाऊन कोळी शोधत बसलंय? की आपल्याच डोळ्यांत मोतीबिंदू उतरलाय? पलटणीत बावीस वर्षं काढून साधा किडा सापडू नये, याची त्यांना लाज वाटली.

“सगळं फोटो वळीनं दाव बरं.”

बारा फोटो झाले. शेवटच्यात, फांदी फुटते तिथं, सालीचाच एक खवला पुढचे पाय ताणून बसलेला दिसला. आबा पोरासारखे खूश झाले. अंकिता भाकरी टाकायला उठली, तशी त्यांनी उरलेल्या अकरांतही तो हुडकायला घेतला.

झाड एकच. फांदी तीच. कडेची खिडकीची चौकटही तीच. शिपाईगडी, आणि पंधरा दिवस एकाच खिडकीशी? एका फोटोत चौकटीला काहीतरी टेकवलं होतं : वर रबरी गादी, खाली दांडी. तसली कुबडी आबांनी स्वतः चार महिने बगलेत धरली होती, आणि पलटणीच्या इस्पितळातून घरी ‘मी मजेत आहे’ अशी पत्रं धाडली होती.

सुनेला काही न सांगता ते उसाच्या बांधावर गेले आणि फोन लावला.

“घावला का कोळी, आबा?” जयराजचा आवाज नको इतका हसरा होता.

“घावला रं. लय बेस लपलाय.” आबांनी मोबाईल दुसऱ्या कानाला लावला. “जया, पाय कुठला?”

पलीकडचं हसू विरलं.

“डावा,” जयराज म्हणाला. “पर हाय, आबा. हाय अजून. पलस्तरात हाय.”

आबा बांधावर टेकले.

“उद्या फोटो धाड,” ते म्हणाले. “झाडाचा न्हाई.”